मुक्तसंचारातला गारा

२ जुलै
आईच्या नऊ कोंबड्या आजपासून माझ्या ताब्यात. परसात जाळी मारून झाली. याला मुक्तसंचार पद्धत म्हणतात. आई म्हणाली, मोकळ्याच तं हिंडत होत्या वं आजवर. तिला संकल्पना समजावली. बाबा म्हणाले, पोळ्यापर्यंत जमवून दाखव, नाही तं लोहाऱ्याच्या कंपनीत जा, पॅकिंगले पोरी घेऊन राह्यले. घरातली पहिली ग्रॅज्युएट पॅकिंग करणार नाही. पोळ्याला सात आठवडे आहेत. भरपूर झाले.

९ जुलै
तीन दिवसांची झड. जाळीत चिखल. घरी सगळे चिखलाला गारा म्हणतात. मी इथे चिखलच लिहीन, शुद्ध लिहायची सवय मोडू नये. आई म्हणाली, मुरूम टाक. मुरूम कोणीही टाकेल. मोबाइलवर वाचलं, उतार पाहून चर खणावा.

१० जुलै, सकाळी ११
चर खणला. पाणी सरसर निघालं. याला म्हणतात शास्त्र.

संध्याकाळी
पाणी शेजारच्या मानीबाईच्या चुलीपर्यंत गेलं. ती म्हणाली, बी.एस्सी. झाली तं माह्या घरात पाणी सोडतं काय? चर बुजवला. माझं बी.ए. झालंय हे सांगायचं राहून गेलं.

१६ जुलै
कोरडं आच्छादन. सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, चार टोपल्या. कोंबड्यांनी अर्ध्या तासात उकरून चिखलात कालवलं. भिंती लिंपायला एकदम तयार. बाबांनी विचारलं, बैलाच्या तोंडचं कुटार कोंबडीच्या पायाखाली काहून? उत्तर उद्या देईन.

१७ जुलै
उत्तर दिलं नाही.

२५ जुलै
कोंबड्यांच्या पायांना काळ्या मातीचे गोळे. एकेक लिंबाएवढा. ओट्यावर चालल्या की टकटक वाजतं. अंडी बंद. अठरा पाय कोमट पाण्यात धुतले. आई म्हणाली, माहे पाय तं कधी चेपले नाही तू.

२९ जुलै
तज्ज्ञ हवा. कुक्कुटपालनाच्या ग्रुपवर पुण्याचे चारुदत्त सर आहेत. व्हॉइस नोट पाठवली. रडू येत होतं, म्हणून घरची भाषा आली: सर, जाळीत गाराच गारा, कोंबड्या वाचत नाहीत, काय करू? दहा मिनिटांत उत्तर! वरून ताडपत्री घट्ट ताणा, बाजूंनी गोणपाट बांधा, जखमी पक्षी वेगळे ठेवा. किती मुद्देसूद. बाबांची ताडपत्री घेतली. जखमी कोणी नाही, पण तयारी ठेवली.

६ ऑगस्ट
आठवडाभर उघाड. गावातला सगळा चिखल वाळला. आमच्या ताडपत्रीखाली तेवढा ताजा आहे. वासही येतो. पिवळी कोंबडी उभीच राहत नाही. आईनं तिला चुलीजवळ टोपलीत ठेवलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, अजून गारा पडताहेत? ऑगस्टमध्ये? पंचनामा केला का? सरांच्या गारा आभाळातून पडतात. मी म्हटलं, थांबल्या आता, सर. ते म्हणाले, छान, पक्ष्यांना धक्का बसलेला असतो, जपा.

ताडपत्री काढली. अर्ध्या तासात पाऊस आला.

१२ ऑगस्ट
मुरमाचा पर्याय अभ्यासाअंती मी स्वतः सुचवला. आईनं कपाळावर हात मारला. गावातल्या प्रेमसिंगचा ट्रॅक्टर मुरूम घेऊन परसाच्या तोंडाशी आला आणि मागचं चाक रुतलं. मुरूम तिथेच ओतला, चाकाखाली. ट्रॅक्टर निघाला. मुरूमही बसला असावा, आता दिसत नाही.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. पिवळी दोन दिवसांपासून उभी राहते, तिला परत जाळीत सोडलं. ही प्रगती धरावी. बाबा संध्याकाळी पाहायला येणार. जाळीची आतली बाजू नीट दिसावी म्हणून एक कोपरा कोरडा करीन.

रात्री
बाबा आले. मी कोपरा दाखवायला आत गेले आणि दोन्ही पाय पोटरीपर्यंत गेले. उजवी चप्पल खाली राहिली. एक हात बाबांनी धरला, एक आईनं. ओढताना फाटक उघडंच राहिलं. नऊही कोंबड्या बाहेर पडल्या, पिवळीसुद्धा, आणि समोरच्या सिमेंट रोडवर जाऊन पाय झटकू लागल्या. आई म्हणाली, जाऊ दे, खुशी, मोकळ्या राहू दे नं त्याइले.

पाय धुवायला तीन बादल्या लागल्या. पाणी बाबांनी ओतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, लोहाऱ्याची बस सातची हाय का आठची?

मी म्हटलं, सव्वासातची.

मला ती पाठ कशी, हे त्यांनी विचारलं नाही.