आशीर्वाद द्या, बाबा

पोन्से, रविवार

आई, आशीर्वाद दे.

मी बरी आहे. लॉन्ड्रीतल्या वाफेने जरा खोकला येतो, एवढंच. आपली शेळी व्याली का?

आज चर्चमध्ये पाळक म्हणाले, देवाच्या घरात आपण चाकर नाही, त्याची लेकरं आहोत. वारस आहोत, मुलीसुद्धा. मग प्रार्थनेला मला उभं केलं. 'हे प्रभू' म्हणायला गेले आणि तोंडून निघालं, "आशीर्वाद द्या, बाबा." आपल्याकडे घरात शिरताना पोरं बापाला म्हणतात, अगदी तसं.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. म्हाताऱ्या रेमेदियोसबाई कडाडल्या, "दात काय काढतेस? बापाकडे नाही मागायचं तर काय शेजाऱ्याकडे?"

आई, हे शब्द मी जन्मात कधी उच्चारले नव्हते. ज्याने मला नाव दिलं नाही तो रस्त्यात दिसला, की तू माझी मान खाली दाबायचीस. आज डोक्यावर कुणाचा तरी मोठा, उबदार हात होता. वर बघायचं धाडस झालं नाही.

तो बाजारात भेटला, तर आता मान खाली घालू नकोस. तुझी लेक बिनबापाची नाही.

तुझीच,
एनेइदा