यादीतून सुटलेली गिरजा

मंगळवार, सांजच्याला

लिही गं पोरी, मी बोलते तसंच. शाण्यावानी सुधारू नको.

गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना आमचा बचत गट बी डबे द्यायचा, भजनी मंडळ बी. आंधळ्या गिरजाकडं दोन-दोन जायचे. म्हणून दोघांनी मिळून एक यादी केली, कालपासून तीच चालू. मी गटाची अध्यक्षीण, ऐटीत अंगठा दिला. वाचून दाखवा म्हणायला जीभ झडली होती का माझी?

आज दुपारी कळलं, मंडळाला वाटलं गिरजा आमच्याकडं, आम्हाला वाटलं मंडळाकडं. यादीत तिचं नावच न्हाई. अन् तिला साखरेचा आजार, त्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर घात. तशीच पळाले. गुडघ्याला म्हणलं, नंतर बोंबल.

खाटंवर पडल्ती, हात गार. गुळाचं पाणी पाजलं, मंग भाकर कुस्करून भरवली. हाताला ऊब येईस्तोवर माझ्या जिवात जीव न्हाई. मघापासून यादीवर दिलेला अंगठा पदराला पुसून राह्यले.

ती उठून बसली तवा म्हणलं, "हाक मारायची न्हाई का गं, भवाने?"

"डबा आला न्हाई, म्हणलं एकादशी असंल. काल स्मार्त, आज भागवत. दोन्ही धरल्या."

मला हसू आलं न्हाई. उद्या दोन्हीकडच्यांना तिच्याच खाटंपाशी बसवते. यादी तिथंच वाचायची, मोठ्यानं.