विहिरीतल्या गारेची पाळी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

जैतुनबी,

तुला रामराम, तुझ्या लेकाला, ओवैसला आशीर्वाद. पैठणचं पाणी मानवलं का? इकडं माझे गुडघे सोडून सगळे खुशाल. अक्षर नातीचं, श्रेयाचं. बोलणं माझं. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, तुझं शहाणपण मधी घुसडू नको.

काल लई गंमत झाली, ऐक! श्रेयाला ऑफिसातल्या टेबलावर ठेवायला स्फटिकाचा गणपती पायजे होता. गुलमंडीजवळ एका दुकानात घेऊन गेली. दुकानदार गोडबोल्या. "बसा आजी. अस्सल हिमालयातला स्फटिक." गणपती असा लखलखीत, जसा काही नुकताच दात घासून आलाय. मी उचलला आन् गालाला लावला. पोरगी लाजली! अगं, दगड गालाला गार लागतो, आन् बराच वेळ गारच राहतो. हा तर लगेच माझ्यासारखा कोमट झाला. मग उजेडात धरला. आत बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. सोंडेमागं साच्याची रेघ. म्हटलं, "भाऊ, हा कोरलेला नाय, ओतलेला आहे. काच आहे ही."

"आजी, तुम्हाला नीट दिसतं का?"

"वाचता येत नाय. दिसतं."

शेजारी जांभळी गारगोटी होती. रंग सगळा भेगांत साठलेला. पदराचं टोक ओलं करून घासलं, तर पदर जांभळा! दुकानदार लागला छताकडं बघायला.

खालच्या फळीवर धूळ खात एक गार पडली होती. एक कोपरा उडालेला, पोटात धुकं. ती मात्र गार म्हणजे गारच. श्रेयाच्या काचेच्या बांगडीवर टोक ओढलं, चर्रकन रेघ उठली. म्हटलं, हीच घे. दुकानदार म्हणतो कसा, "आजी, माझ्याकडं कामाला येता का?"

रिक्षात श्रेयानं विचारलं, "आज्जी, हे तुला कुणी शिकवलं?" म्हटलं, फुलंब्रीच्या विहिरीनं. ती खणायच्या कामावर होतो, सुरुंग उडाला की मी आन् जैतुन दगडांच्या टोपल्या भरायचो. एकदा तिच्या टोपलीत पांढऱ्या सुळक्यांनी भरलेली गार निघाली. सहा महिने तिच्या घरी, सहा महिने माझ्या, असं ठरलं. पुढं माझ्या पाळीत ती फुटली.

इथं श्रेया लिहायची थांबलीय. विचारतेय, "आज्जी, मग तुझ्या पेटीत लुगड्यात गुंडाळलेलं ते जड काय आहे?"

लिही बाई, तेही लिही.

फुटली नाय, जैतुन. पाळी संपायला आठ दिवस राहिले आन् मला ती द्यावेना, म्हणून तुला फुटली असं सांगितलं. तू तुकडेसुद्धा मागितले नाय. अर्धा चहा तसाच ठेवून उठलीस. त्या ईदला शिरखुर्मा आला, पण ओवैसच्या हातनं. तू नाय आलीस. तुला कळलं होतं, हे मलाही त्याच दिवशी कळलं. तीस वर्षं झाली. घरात कुणी नसलं की गालाला लावते. आन् काल त्या दुकानदाराला खरं-खोटं शिकवून आले. बघ माझं तोंड!

रविवारी श्रेया मला पैठणला आणतेय. गार घेऊन येते. उजेडात धर, बांगडीवर घास, गालाला लाव. माझ्या शब्दावर घेऊ नको. आता पाळी तुझी, पुरती तीस वर्षांची. तोवर मी काही मागायला येत नाय.

चहा मात्र टाक. आपला अर्धा राहिलाय.

खाली अंगठा उठवलाय, तो अस्सल आहे.

तुझी पाळी खाल्लेली,
लक्ष्मी