उजाळा न दिलेली तार

कोटो गडांग, ५ मार्च १९८१

चि. रोस्निदार हिस मामाचे अ. आ.

तुझ्या पाणचक्कीवर वीज करायच्या यंत्राचं तारेचं वेटोळं आजच्या टपालाने धाडलं आहे. दुकानदाराने तुला फसवलं, बरं का. तांब्याच्या तारेवर कसलासा तपकिरी लेप होता. मी तो आगीवर जाळला, चिंचेच्या पाण्यात तारेला उजाळा दिला आणि मग सहाशे वेढे घातले. चाळीस वर्षं चांदीच्या तारेचं जाळीकाम करतोय, मळकी वस्तू या घरातून बाहेर गेलेली नाही. सोनारमामाला हसणाऱ्या तुझ्या वर्गाला दाखव.

तुझी आई खुशाल आहे. मामाची आठवण ठेव.

जामारिस

बांडुंग, १६ मार्च १९८१

ती. मामांस सा. सलाम, वि. वि.

वेटोळं बघायला सगळा वर्ग भोवती जमला, इतकं देखणं. पण चाक फिरवलं तर वीज मोजायच्या मीटरचा काटा ढिम्म हलला नाही. चुंबकांमधून तार फिरली की तिच्यात वीज जागी होते, थांबली की निजते. आपली तार फिरली, वीजही जागी झाली, पण बाहेर आलीच नाही. तो लेप मळ नव्हता, वेढ्यावेढ्यांमधली भिंत होती. ती गेल्यावर वेढे एकमेकांना टेकले आणि वीज आतल्या आत घुटमळली.

चूक माझी. सोनाराच्या हाती मळकी तार देताना सांगायला हवं होतं. सर म्हणाले, कारखान्यातलं वेटोळं आण. मी नाही म्हटलं. परीक्षेत लावीन तर मामांचंच, नाहीतर नापास होईन. नवी तार पाठवते. रागावू नका, माया असू द्या.

तुमची रोस्निदार

बांडुंग, २१ एप्रिल १९८१

ती. मामांस सा. सलाम.

काटा उठला, मामा! ओढ्यावर दिवा लागला आणि मी सगळ्यांदेखत रडले. सरांनी विचारलं, कुणाच्या हातचं? अहवालावर माझ्या नावाआधी तुमचं नाव घातलं आहे. तुम्ही तार गुंडाळत होतात तेव्हा आईने चिंच लपवून ठेवली होती म्हणे. सुट्टीत येते, वाट पाहा.

तुमची रोस्निदार

कोटो गडांग, २ मे १९८१

चि. रोस्निदार हिस अ. आ.

मळकी तार तशीच गुंडाळताना जीव नुसता तडफडत होता. पण तुझं पत्र मी कॉफीच्या टपरीवर मोठ्याने वाचलं, माझ्या चुकीसकट. म्हाताऱ्या मन्सूरने टोमणा मारला, की भाचीला बोट धरून चालवायचं ही मामाची रीत, इथं तर भाचीच मामाला चालवतेय.

मी म्हटलं, "बोट मीच धरलं होतं. चालता चालता ती पुढे गेली, पण बोट सोडलं नाही तिनं."

लौकर ये.

तुझा मामा