विमानाच्या शेपटीतला भोंगा

समुद्रपूर,
मंगळवार

तीर्थस्वरूप प्रभाकरराव यांना दौलतरावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच).

आपली शुगर कशी आहे? वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून आनंद झाला. आता त्यांना आपण जसे आहात तसे स्वच्छ दिसत असाल, तेव्हा जपून राहावं. इकडे सर्व कुशल. पोलीस येऊन गेले, पण बुंदी खाऊन गेले. बाहेरून काहीबाही कानावर येण्याआधी (आपल्याकडे बातमी एसटीच्या आधी पोचते) मीच सविस्तर कळवतो.

कापसाचं जिनिंग पोराच्या हवाली करून मी विमान घेतलं हे आपल्याला माहीत आहेच. त्यावर आपण जे बोललात तेही मला पोचलं. विमान दोन माणसांचं, एका पंख्याचं, सेकंडहँड. जाम गावाजवळच्या बंद सूतगिरणीच्या जुन्या धावपट्टीवर उभं असतं. मी परवाना रीतसर काढलाय. पण नागपूरहून तपासायला आलेले इंजिनिअर ओमप्रकाशजी विमानाभोवती एक फेरी मारून शेपटीत खांद्यापर्यंत घुसले आणि सुतकी चेहऱ्याने एक नारिंगी डबा घेऊन बाहेर आले. म्हणाले, हा बदलल्याशिवाय सही नाही.

ह्या डब्याला ईएलटी म्हणतात. विमान आपटलं की धक्क्याने तो आपोआप सुरू होतो आणि उपग्रहाला कळवतो की आम्ही अमुक ठिकाणी पडलोत, न्यायला या. आमच्या डब्याची बॅटरी कधीच मेलेली, शिवाय तो ज्या फ्रिक्वेन्सीवर ओरडायचा तिकडे उपग्रहांनी कान देणंच सोडून दिलंय. (इतक्या वर्षांच्या संसारात मला ही अवस्था नवी नाही.) आपल्या बहिणीने, गोपिकाने, सगळं ऐकून घेतलं आणि ओमप्रकाशजींना एकच प्रश्न विचारला, "पडल्यावर बोंबलते म्हन्ता. मंग पडायच्या आधी बोंबलनारं नाई भेटत का?" त्यांनी आणखी एक चहा मागितला.

मग निवड. एक प्रकार खिशात ठेवायचा, एक शेपटीत कायमचा बसवायचा आणि एक पाण्यात पडताच आपोआप सुरू होणारा. मला तिसरा पसंत पडला, कारण त्याचा फोटो देखणा होता. ओमप्रकाशजींनी विचारलं, वर्धा जिल्ह्यात समुद्र कुठाय? मी म्हटलं, समुद्रपूर आहे की! ते हसले नाहीत. (इंजिनिअर लोकांना विनोद लेखी द्यावा लागतो.) शेवटी त्यांनीच शेपटीतला निवडला, स्वतः जागा सांगणारा, आणि मी तो निवडला असं मी सगळ्यांना सांगितलं.

बसवताना मी मदत केली. डब्यावर एक बाण असतो, तो विमानाच्या नाकाकडे यावा लागतो. मी उलटा धरला. ओमप्रकाशजी शांतपणे म्हणाले, दौलतरावजी, असा बसवला तर तुम्हाला मागे मागे उडत येऊन आपटावं लागेल. त्यानंतर मदत म्हणून मी फक्त बॅटरी धरली, तीही उजेडाची. वर अँटेना आली, डब्याशेजारी यंत्र सुरू झालं की वाजणारा भोंगा आला आणि समोर पायलटच्या फळीवर एक छोटं बटण आलं. मधे असलं की यंत्र सावध, वर केलं की सुरू. शेवटी नोंदणीचा फॉर्म. संकटात कोणाला फोन करायचा, या रकान्यात मी गोपिकाचा नंबर लिहिला. तिला सांगायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी पूजा ठेवली. गुरुजी, समुद्रपूरचा बँड, बुंदी. गोपिका आली नाही. पडल्यावर बोंबलनाऱ्या वस्तूले मी हात जोडनार नाई, म्हणाली. पूजेनंतर एक चक्कर मारतो, असं तिला सांगून मी निघालो. मोबाईल गाडीत राहिला. आत हार घालायला दुसरी जागा नव्हती म्हणून झेंडूचा हार मी त्या फळीवरच अडकवला होता. आरती झाल्यावर तो ओढून काढला. लगेच एक लाल दिवा लुकलुकू लागला. मी जमलेल्या मंडळींना सांगितलं, यंत्राने पूजा मान्य केली. शेपटीत भोंगाही वाजत असणार, पण बँडपुढे भोंग्याची काय बिशाद.

इकडे गोपिका बेसन भिजवत होती. फोन बंगलोरहून, उपग्रहाचे संदेश ऐकणाऱ्या केंद्रातून. पलीकडचा माणूस सभ्यपणे हिंदीत म्हणाला, मॅडम, आपके विमान से संकट का सिग्नल आ रहा है, पायलट से आपकी बात हुई क्या?

प्रभाकरराव, तिने मला अकरा वेळा फोन केला. गाडीतल्या मोबाईलवर नंतर मी मोजले. त्या माणसाने सांगितलेले जागेचे आकडे तिने बॉलपेनने हातावर लिहिले आणि बाहेर धावली. शेजारचे बंडूजी वांग्यांची पिकअप घेऊन बाजाराला निघाले होते. तिने गाडी थांबवली आणि कॅरेटं उतरवायलाही वेळ दिला नाही. बंडूजी सांगतात, वाटभर ती फक्त दोन्हीकडच्या तुरीत बघत होती, कुठे धूर दिसतो का.

पिकअप धावपट्टीवर आली तेव्हा मी हातात बुंदीचा द्रोण घेऊन उभा होतो. म्हटलं, या, उशीर केलात. ती उतरली, कोपरापर्यंत बेसन. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाह्यलं, एकेक अवयव तपासल्यासारखं.

"जित्ते हा नं तुमी?"

"हो. काऊन?"

"मंग फोन काऊन नाई उचलला?"

एवढं बोलून ती वांग्यांच्या कॅरेटवर बसली आणि सगळ्यांसमोर रडली. बँड आपोआप थांबला. तेव्हा कुठे शेपटीतला भोंगा ऐकू आला. ओमप्रकाशजी हातातली बुंदी टाकून धावले, हाराबरोबर वर ओढलं गेलेलं बटण पुन्हा मधे आणलं, बंगलोरला फोन लावून चूक कबूल केली. पाठोपाठ पोलिसांची जीप. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी मूर्ख ठरलोय, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिच्या हातावरचे आकडे दोन दिवस दिसत होते. त्या दोन दिवसांत आमच्याकडे फक्त कुकर बोलला.

असो. यंत्र मात्र उत्तम चालतं, हे सिद्ध झालं. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (उशिरा का होईना),
दौलतराव

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. फॉर्मवरचं गोपिकाचं नाव काढून तिथे आपलं नाव आणि नंबर लिहिलाय. फॉर्म गेलाही. बंगलोरहून खात्रीचा फोन येईल, तेव्हा मी कोण असं विचारल्यास कृपया ओळख द्यावी.

ता. क. २. बायको असताना मेहुणा कशाला, असं आपण विचाराल. तिनेच सांगितलं. म्हणाली, तसा फोन घरी बसून पुन्हा घेनार नाई, त्यापरीस तुमच्या बाजूच्या सीटवर बसतो. आता दोघंही वर असणार, तर खाली कोणीतरी फोन उचलायला हवा.

ता. क. ३. दादा, मी गोपिका. हे पत्र मले पोस्टात टाकाले देल्लं, म्हून वाचलं. बाजूले बसतो ते खरं हाय. पन ह्यायले एक अजून मालूम नाई. मी नागपूरले विमान शिकाले नाव टाकलं. सोमवारपासून जातो. फोन चालू ठेवजो, आन् आईले सांगू नको.