एक्केचाळीस नंबरची जागा

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली. दीड वर्ष घरात बसून बायकोच्या कपाळावरच्या आठ्या मोजल्या. आज पायात जाड तळाचे बूट आणि अंगात केशरी जाकीट. मुलगी म्हणाली, बाबा, आता तुम्ही गर्दीतसुद्धा हरवणार नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला साहेब म्हणावं याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. झाला खरा.

काम सरळ आहे. एका मोठ्या दुकानसंकुलाच्या पार्किंगवर नव्याने डांबर घालायचं. पुढची अर्धी बाजू गाड्यांसाठी उघडी आहे, मागची आमच्या ताब्यात. तिथे खालचा थर होऊन गेलाय. दोन आठवड्यांनी वरचा थर, मग पांढरे पट्टे आणि नंबर, की आम्ही मोकळे. कंपनी मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. तो सगळ्यांसमोर मला दाजी म्हणून स्वतःची खुर्ची देतो. एकटे असलो की त्या खुर्चीत तोच बसतो, पण तेवढं चालायचंच.

साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि तपासणीपत्रकांचा गठ्ठा. रोज एक कागद भरायचा: माल किती गरम आला, थर किती जाड बसला, आणि शेवटचा रकाना ‘तळ तपासला’. आधीचा सुपरवायझर काम अर्धवट टाकून गेला म्हणे, त्याचे वीस दिवसांचे कागद कोरे होते. मेहुणा म्हणाला, दाजी, सगळीकडे एकाच हाताचं अक्षर असलं की तपासायला येणाऱ्याला बरं वाटतं. तुम्हीच मागच्या तारखा घालून उरकून टाका. या धंद्यात सगळेच असं करतात म्हणे, आणि माझ्या जुन्या नोकरीत मीही केलंय. वीसदा ‘ठीक’ लिहिलं, वीस सह्या ठोकल्या. अक्षर छान आलंय माझं.

बुधवार, ६ मार्च

तापमान मोजायचं पिस्तूल मिळालं. कपाळावर धरतात तसलंच, फक्त दणकट. माल ट्रकमधून दीडशे अंशाला येतो. नव्वदच्या खाली गेला की तो नीट दाबला जात नाही आणि पन्नासच्या खाली आल्याशिवाय त्यावर गाडी सोडायची नाही. एवढं कळलं की अर्धा धंदा कळला.

आज काम नव्हतं म्हणून सकाळी सातला हौसेने सगळी जमीन मोजत फिरलो. खालचा थर टाकून दोन आठवडे झालेत, तो हवेइतकाच गार असणार. सगळीकडे अठरा. फक्त एका जागी सदतीस. तिथे एक्केचाळीस नंबर पडणार आहे, माझ्या हातातल्या नकाशावर तसं आहे. पिस्तूल बिघडलं असेल म्हणून भिंत मोजली, बादलीतलं पाणी मोजलं, सगळं बरोबर. परत येऊन मोजलं तर पुन्हा सदतीस. गुडघ्यावर बसून तळहात टेकला. कोमट होतं.

पेव्हर चालवणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. हा माणूस डांबर पसरवण्याचं ते मशीन पंचवीस वर्षं चालवतोय. तो म्हणाला, तिथली जमीन तसलीच आहे साहेब, तुम्ही दुसरीकडे मोजा. मी कागदावर अठरा लिहिलं.

शुक्रवार, ८ मार्च

एक बाई रोज दहाला, आमची बाजू अडवायला बांधलेल्या फितीपाशी येऊन उभी राहते. आज मी होऊन विचारलं. आधीच्या सुपरवायझरची बायको निघाली. वीस फेब्रुवारीला, मंगळवारी, जेवायला येतो म्हणून तो कामावर निघाला, तो आलाच नाही. मेहुण्याने तिला सांगितलं की तो त्या दिवशी कामावर फिरकलाच नव्हता. लोक म्हणतात, कुणाबरोबर तरी पळाला. तिने पर्समधून चष्म्याचं घर काढून दाखवलं. दादा, वाचायचा चष्मा घरी ठेवून कुणी पळून जातं का, असं तिने विचारलं. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं.

तिचं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशीच्या कागदावर त्याची सही आहे का ते बघा. पोलिसांना मेहुण्याने कागद दाखवला, तो त्यांनी तिला हातात घेऊ दिला नाही. सही दुसऱ्याच कुणाची आहे म्हणाले आणि फाईल मिटली.

पोलीस आले होते याच मंगळवारी, मी चहा सांगायला गेलो होतो तेव्हा. सही माझी आहे. मी तिला म्हणालो, हो ताई, सही दुसऱ्याची आहे. कुणाची ते बोललो नाही. तिने आभार मानले.

सोमवार, ११ मार्च

मिस्त्रीने सांगितलं. डबा खाता खाता सांगितलं.

एक्केचाळीसच्या खाली पाण्याची जुनी टाकी आहे. वर फरशीचं झाकण आणि झाकणावर जुन्या डांबराचे थर. तळ तपासायचा म्हणजे जुनं डांबर खरवडून खाली पहारेने ठोकायचं, पोकळ वाजलं तर उकरून भरायचं. आमच्या कंपनीत खरवडत नाहीत, वरच थर चढवतात. वेळ वाचतो. त्या मंगळवारी सुपरवायझरला तिथे आवाज पोकळ लागला. त्याने काम थांबवलं. मेहुणा फोनवर म्हणाला, उगाच नाटकं नकोत. मग पोकळ कसं आहे ते बाकीच्यांना दाखवायला सुपरवायझर त्या जागी उभा राहून टाच आपटू लागला. झाकण मोडलं. मागे मालाचा ट्रक ओतायच्या बेतात हौदा उचलून उभा होता. माणूस खाली गेला आणि त्याच्यामागून तो माल.

मिस्त्री म्हणाला, दोनदा हाक ऐकू आली. मेहुणा आला, वाकून बघितलं, आता काय निघणार म्हणाला. वरून खडी भरली, थर टाकला, रोलर फिरवला. सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना घरं आहेत.

मग त्याने हात धुतले आणि म्हणाला, साहेब, त्या दिवशी तळ ठीक होता असं तुम्हीच लिहिलंय.

मी मेहुण्याकडे गेलो. तो रागावला नाही, दार लावून घेतलं. दाजी, त्या दिवशी इथे कोण जबाबदार होतं ते कागदावर आहे, मी कशाला बोलू, असं म्हणाला. मग माझ्या मुलीच्या कॉलेजचं काय झालं म्हणून चौकशी केली. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मी चौकशीचं उत्तर दिलं. त्याने मागवलेल्या चहाचा गरम कप हातात असताना बोटं गार पडली होती.

बुधवार, १३ मार्च

एक्केचाळीस: एकोणचाळीस अंश. काल अडतीस होतं. ताप चढावा तसं चढतंय. आज सहज स्वतःचा तळहात मोजला. एकोणतीस.

ती आली. आज तिने सरळ विचारलं, दादा, त्या दिवशी तुम्हीच होतात का कामावर? कुणीतरी सांगितलं असणार. हो म्हटलं तर तो आला होता का हे विचारणार, आणि नाही म्हटलं तर ती सही खोटी. मी हो म्हणालो. आणि ते आले नव्हते, असंही म्हणालो. बोलताना पायांतून गारठा वर चढत गेला, गुडघ्यांपर्यंत. फरशीवर अनवाणी उभा असल्यासारखा. बाहेर ऊन रणरणत होतं.

ती म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास दिला.

शुक्रवार, १५ मार्च

एक्केचाळीस: चव्वेचाळीस अंश. मी: चोवीस.

डॉक्टरने तीनदा थर्मामीटर बदलला. मग म्हणाला, माझंच यंत्र बिघडलंय, झोप घ्या, काळजी करू नका. बायको म्हणते, तुमचा हात लागला की दचकायला होतं.

जमीन मऊ झाली आहे. अंगठा दाबला तर खूण राहते. आणि खळगा पडलाय, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. मिस्त्रीला दाखवला. मंगळवारी वरचा थर येतोय, बुजेल, म्हणाला. त्याने तिकडे पाहिलं मात्र नाही.

त्याच्यावर वरचा थर पडला की मग कुणी कधी उकरणार नाही. मंगळवारपर्यंत सांगायचं. मंगळवारपर्यंत कधीही सांगता येईल.

रविवार, १७ मार्च

दोन गोधड्या. तरी कुडकुडतोय. मुलीने ताप बघायला कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला. पुसला. मला दिसलं.

त्या बाईला उद्या सांगतो. सही मागची तारीख घालून केली, मी तेव्हा कामालाच नव्हतो, घरी होतो, बायको साक्षीला आहे. पण कागद म्हणतो मी होतो. मीच तर तिला म्हणालो मी होतो. वीसदा ‘ठीक’. काय छान अक्षर.

मी भित्रा आहे. हे पहिल्यांदाच लिहितोय.

सोमवार, १८ मार्च

ती आली — म्हणाली आता यायची नाही. माहेरी जातेय, आज दुपारच्या गाडीने. शाळेत मुलांना चिडवतात, बाप पळाला म्हणून. त्याचे कपडे वाटून टाकले. दादा, पळाले असतील तर असू देत, म्हणाली, निदान कुठेतरी सुखी असतील —

वाक्य जिभेवर होतं. एकच वाक्य. मेहुणा केबिनच्या दारात उभा होता.

म्हणालो, जपून जा.

तिने माहेरचा पत्ता लिहून दिला. काही कळलं तर कळवा म्हणून.

हवा एकवीस. मी एकोणीस. एक्केचाळीस — पिस्तूल नुसतं लुकलुकतं, आकडा दाखवत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सकाळचे साडेनऊ. वरचा थर आज. बोटं वळत नाहीत — म्हणून तिथे जाऊन बसलो. दुसरीकडे कुठेच ऊब नाही. फक्त इथे. बसलो आणि आठवड्यात पहिल्यांदा दात वाजायचे थांबले. बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं.

उठता येत नाही.

बूट आत. घोटे आत. दुखत नाही. कुणी ओढत नाहीये — नुसतं धरलंय. शेजारी जागा करून दिल्यासारखं.

ट्रक मागे येतोय. हाक मारली, आवाज निघत नाही. मिस्त्रीने बघितलं. नक्की बघितलं. मग त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा माझ्याकडे बघतोय. हात वर करतोय, ट्रकला थांबा म्हणून —

नाही. या म्हणून.

पत्ता याच वहीत आहे. वही लांब फेकेन. कुणीतरी पाठवेल. लिहितो —

ताई, मी वाईट माणूस नाही. माझी मुलगी कॉलेजला आहे, दीड वर्ष नोकरी नव्हती, सही मी नंतर केली, मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा

हे नको. वेळ नाही. ते वाक्य —

ताई, तुमचे मिस्टर कुठेही पळून गेले नाहीत. ते