भिंतीवरची सावली कोणाची

ता. ४
चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद. मागोमाग थोडा मत्सरही पाठवतो आहे, तोही ठेवून घे.

बाबांनी ज्याचं नेपथ्य रंगवलं, त्या खुनाच्या मूकपटाची हरवलेली प्रत सापडली आणि पहिल्या खेळाला मंचावर बोलायला तुला बोलावलं, हे मला वर्तमानपत्रातून कळावं? वाकडा जिना, तिरक्या खिडक्या आणि भिंतीवर चढणारी सुरीवाली सावली. चित्रीकरणाचे दिवे मिणमिणते, खरी सावली उठेना, म्हणून बाबांनी ती भिंतीवर काजळीने रंगवली. आज साबणाच्या जाहिरातीतला चोरसुद्धा आधी सावलीतूनच येतो. पण ती सावली माझी. लहानपणी मला कंदिलापुढे उभं करून बाबांनी गिरवली होती. खुनी हे उपमान, उपमेय मी. मंचावर तेवढं सांग, मग मी गप्प बसतो.

आई ठणठणीत आहे. लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हाती.
तुझा दादा

ता. ९
ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सांगणार नाही, कारण सावली माझी आहे. मलाही कंदिलापुढे उभं केलं होतं. थोरला म्हणून नवे कपडे तुझे, सायकल तुझी. निदान खून तरी माझा असू दे.

एवढं लिहून चाचणीचा खेळ बघायला गेलो, आणि पंचाईत झाली. पुस्तकांतल्या फोटोत नुसता हात नि सुरी असते. पडद्यावर बाजूने अख्खा चेहरा आहे. नाक सरळ, धारदार. दादा, आरशात बघ. आपल्या दोघांची नाकं बाबांची, म्हणजे बटाटे. मग हा तिसरा कोण? तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आईला विचार.

रागावलास तरी आशीर्वाद असू दे.
तुझा धाकटा

ता. १३
चि. धाकट्यास आशीर्वाद, या खेपेस निर्भेळ.

विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, मीच ती. आपण दोघं नुसती चुळबुळ करत होतो. मन मोडू नये म्हणून बाबांनी दोघांनाही हो म्हटलं आणि शेवटी स्वतःचा कोट चढवून तिला उभं केलं. त्या दुपारी त्यांनी न कळवता पाहुणे जेवायला आणले होते, त्यामुळे खुनी भाव आपोआप आला, असं तिचं म्हणणं.

चित्रपट मात्र तिने पाहिलेला नाही. घरंदाज बाईने पाहण्याजोगा नाही, असं बाबांनीच सांगितलं होतं. मग हळूच विचारलं, मी त्यात बरी दिसते का रे. मी तरी तो कुठे पाहिला आहे? ते फक्त तुला ठाऊक, हे मला अजून सहन होत नाही.

शनिवारी तिला घेऊन येतो. मंचावरची खुर्ची तिला दे, आपण दोघं खाली बसू. पडदा नीट दिसेल ती मधली जागा माझी. तू एकदा पाहून घेतलं आहेस.

उरलेला लोभ समक्ष.
दादा